बाबांची इंटर

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, माझ्यासमोर एक कोरी वही सरकवली आणि म्हणाले, "मला इंटरची परीक्षा द्यायची आहे. इंग्रजी तू शिकव."

मी हसले. बाबा थट्टा करत नाहीत हे जन्मापासून माहीत असूनही हसले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. आई चुलीपुढे बसली होती, फुंकणी तशीच हातात धरून. तिलाही ते त्याच क्षणी कळत होतं.

त्या वर्षी मी स्वतः इंटरच्या, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या, दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर माधवगंजात, माझं कॉलेजही त्याच लश्कर भागात, आणि बाबा सरकारी कचेरीत इंग्रजी मसुदे लिहायला. त्यांच्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवायची साहेबांचीसुद्धा छाती नव्हती. माझ्या निबंधातल्या चुका तेच काढायचे, आणि चूक सापडली की वही दोन बोटांत धरून अशी परत द्यायचे की जणू तिला वास येतोय. तो माणूस माझ्याबरोबर इंटरला बसणार? "म्हणजे... परीक्षेला? तुम्ही?" एवढंच बोलले.

झालं होतं असं. आजोबा दरबारच्या कचेरीत होते. मिसरूड फुटायच्या वयात बाबा त्यांच्या शेजारी बसून लिहायला शिकले, आणि आजोबा थकले तेव्हा त्यांच्याच जागेवर बसले. तेव्हा सर्टिफिकेट कोण विचारत होतं! कोणाचा मुलगा, अक्षर कसं आहे, एवढं बघायचे. बाबांच्या नोकरीच्या पुस्तकात शिक्षणाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'घरी'. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झालं, दारावरची पाटी बदलली, पण त्या शब्दाकडे कुणी बघितलं नाही. मग मध्यभारतही मोडलं. नवा मोठा प्रांत झाला, राजधानी गेली भोपाळला, आणि चार ठिकाणचे बाबू एका यादीत घालायची वेळ आली. यादी करणाऱ्याला काय ठाऊक हा माणूस कोण! त्यानं रकाना वाचला. हुकूम आला की इंग्रजी मसुद्याच्या टेबलावरचा माणूस निदान इंटर पास हवा. जुन्या नोकरांना मॅट्रिकशिवाय थेट बसायची सवलत होती. पुढच्या वर्षी यादी पक्की होईल, तोवर पास झाला तर ठीक, नाही तर फाजील म्हणून घरी. होय, हाच शब्द होता. तीस वर्षांच्या नोकरीवर फाजील.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," आई म्हणाली आणि चुलीत इतक्या जोरात फुंकलं की राख सगळ्या स्वयंपाकघरभर झाली.

बाकीच्या विषयांचं त्यांना काही वाटत नव्हतं. इतिहास, नागरिकशास्त्र वाचून होईल म्हणाले. संस्कृत तर घरचंच. इंग्रजीत पत्र, सारांश, व्याकरण हे सगळं त्यांना झोपेत येई. अडलं ते एका जागी. पेपरात अलंकारांचा प्रश्न हमखास असे आणि आमच्या इंग्रजीच्या मॅडम त्यासाठी आमच्याकडून पंचवीस नावं घोटून घेत. सिमिली, मेटॅफर, पर्सोनिफिकेशन, हायपरबली, आयरनी, युफेमिझम, लिटोटीज... व्याख्या दोन ओळींत, उदाहरण एक, पुढे चला. बाबा आयुष्यभर ते सगळं पत्रांतून वापरत आले होते, पण त्याला इंग्रजीत नावं असतात हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

तर रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन ते माझ्यासमोर पाटावर बसत. मी खुर्चीवर. पहिल्या दिवशी मी उठून खुर्ची त्यांना द्यायला गेले तर म्हणाले, "शिकवणाऱ्यानं वर बसावं." मी तिच्या कडेवर टेकले. आठ दिवसांनी मला त्या खुर्चीची सवय झाली, हे सांगायला लाज वाटते, पण झाली.

आणि शिकवायला गेले तर नाकी नऊ आले! मी म्हणायची, "सिमिली म्हणजे 'सारखा', 'जसा' असा शब्द घालून केलेली तुलना." झालं! बाबा सुरू. उपमेयाचं काय, उपमानाचं काय, साधारण धर्म सांगितलाय की गाळलाय, गाळला असेल तर ती लुप्तोपमा, मग लुप्तोपमेला इंग्रजीत काय म्हणतात? मला काय माहीत काय म्हणतात! मॅडमना तरी कुठे माहीत होतं! मेटॅफरपाशी तर आम्ही चार दिवस अडलो. त्यांचं म्हणणं, हे रूपक आहे खरं, पण तुझ्या पुस्तकातलं उदाहरण रूपकाचं नाही, अतिशयोक्तीचं आहे. बरोबर होतं त्यांचं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त राग यायचा.

खरी मजा आईची. ती आतून ऐकायची. एकदा मी युफेमिझम समजावत होते की अशुभ किंवा टोचणारी गोष्ट सरळ न बोलता गोड करून बोलायची. मॅडमनी दिलेलं इंग्रजी उदाहरण बाबांना पटेना. आई आतून म्हणाली, "त्यात काय एवढं? बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढवली म्हणतो. घरातून निघताना जाते म्हणते का मी? येते म्हणते."

मला खरोखर धक्का बसला. जी बाई दोन यत्ता शिकली, तिच्या तोंडात दिवसभर हेच चाललेलं असायचं आणि मी वर्षभर घोकत होते! मग मी तिला मुद्दाम विचारायला लागले. आयरनी? "काय उजेड पाडलास, असं तुला रोज म्हणते ते." हायपरबली? "शंभरदा सांगितलं तरी ऐकत नाहीस." लिटोटीजपाशी मी थांबले, कारण ते मलाच नीट येत नव्हतं. नकार घालून केलेली स्तुती, कमी बोलून जास्त सांगणं. आई परातीतलं पीठ मळत म्हणाली, "तुझे वडील. लग्न झाल्यापासून माझ्या आमटीला 'वाईट नाही' म्हणतायत. त्याला इंग्रजीत नाव आहे होय गं? अगं बाई, मला वाटलं खोड आहे."

बाबा हसले. मोठ्यानं हसले. मी त्यांना तसं हसताना फार कमी वेळा पाहिलंय. त्यांनी वहीत लिटोटीजपुढे आईचं उदाहरण इंग्रजी करून लिहिलंसुद्धा.

आता माझं तिखट सांगते. माझी जीभ लहानपणापासून अशीच, आईवर गेलेली. माघ संपत आला होता, माझीही परीक्षा जवळ, आणि बाबा त्या दिवशी पर्सोनिफिकेशन आणि अपॉस्ट्रॉफी यांतल्या फरकावर वाद घालत बसले होते. निर्जीव वस्तूला माणूस मानणं वेगळं आणि समोर नसलेल्याला हाक मारणं वेगळं, पण जर निर्जीव वस्तूलाच हाक मारली तर कुठे घालायचं? दोन्हीत? मग व्याख्या चुकली. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं, आणि मग माझा तोल गेला. पुस्तक जमिनीवर आपटलं आणि ओरडले, "बाबा, परीक्षकाला तुमचं पांडित्य नको आहे! त्याला दोन ओळी पाहिजेत! दोन ओळी लिहायच्या आणि गप्प बसायचं, इतकं साधं कळत नाही का तुम्हाला?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तोंडावर हात ठेवून. आमच्या घरात बाबांशी या आवाजात आजोबांनंतर कुणी बोललं नव्हतं. मी वाट बघत राहिले की आता उठतील, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी पुस्तक उचललं, त्याची धूळ झटकली, पान परत काढलं आणि म्हणाले, "बरं. दोन ओळी. सांग, लिहून घेतो."

मी सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या. त्यानंतर एकदाही त्यांनी वाद घातला नाही. मी सांगेन ते मान खाली घालून लिहीत गेले, आणि मला सगळ्यात जास्त धक्का त्याचा बसला. त्यांना ती नोकरी किती हवी होती ते मला त्या संध्याकाळी कळलं. माफी मात्र मी मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू, करता करता परीक्षा आली.

बाबांचं सेंटर मुलांच्या शाळेत, खासगी उमेदवारांचं. माझं आमच्याच कॉलेजात. पेपर तेच, वेळ तीच. गल्लीत तोवर सगळ्यांना कळलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, तुझे बाबा आणि तू एकच पेपर देणार? मजाक करतेस का?" कोपऱ्यावरचा पानवाला रोज बाबांना विचारायचा, "बाबूजी, परचा कैसा गया?" बाबा त्याला तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "ठीक गया." कोट, टोपी, खिशात दोन पेनं. कचेरीत जायचे तसेच परीक्षेला गेले.

इंग्रजीचा पेपर झाला त्या दिवशी ते माझ्या आधी घरी पोचले होते. येताना नया बाजारातून जिलेबी आणली होती. प्रश्नपत्रिका गुडघ्यावर पसरून बसले आणि एकेक उत्तर मला म्हणून दाखवलं. अलंकारांच्या प्रश्नात सहा ओळी देऊन प्रत्येकीतला अलंकार विचारला होता. सहाच्या सहा बरोबर. दोन-दोन ओळींत. मीच एक चुकले होते, ते त्यांनी सांगितलं नाही, मला त्यांचं उत्तर ऐकून कळलं.

"कसं झालं मग, मास्तरीणबाई?" त्यांनी विचारलं.

"पहिला वर्ग मिळेल तुम्हाला," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. आईनं माझ्या तोंडात जिलेबी कोंबली. ते दोन महिने आमच्या घरी फार सुखाचे गेले. बाबांनी भोपाळच्या घरभाड्याची चौकशी सुरू केली. आई म्हणायची, तिथे तळं आहे म्हणतात, मला पाण्याची भीती वाटते.

निकाल वर्तमानपत्रात यायचा. सकाळी पेपर आला, माझा नंबर दुसऱ्या वर्गात सापडला. बाबांचा पहिल्या वर्गात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यातही नव्हता. मी बोट ठेवून तीनदा वाचलं. मग शेवटी बारीक अक्षरात 'रोके गए' असं लिहून चार-पाच नंबर होते, त्यांत त्यांचा होता.

"राखून ठेवलाय म्हणजे काही तरी कारकुनी घोळ असेल," बाबा म्हणाले. "कळवतील."

कळवलं. चार दिवसांनी कागद आला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं की अनुचित साधनांचा उपयोग केल्याबद्दल परीक्षा रद्द.

कॉपी! माझ्या बाबांनी कॉपी केली म्हणे! आई तर मटकन खालीच बसली. ज्या माणसानं कचेरीतली टाचणी कधी घरी आणली नाही, घरचं पत्र लिहायला कचेरीची शाई वापरली नाही, त्याच्या नावावर हे? मी तडातडा बोलायला लागले, कोण तो परीक्षक, त्याला मी बघून घेते, मेला कुठला. बाबांचा चेहरा असा झाला होता की मीच घाबरून गप्प झाले. मग त्यांनी कोट घातला आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

परीक्षेच्या कचेरीत एक वयस्क बाबू होते, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. भला माणूस. दाखवायचा नसतो म्हणाले, पण बाबांचं वय बघून की काय, गठ्ठ्यातून इंग्रजीचा पेपर काढला आणि आमच्यासमोर उघडला.

बाबांचं मोत्यासारखं अक्षर. समास सोडलेला. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, एक वेलांटीदार वळसा. शेवटच्या पानावर मजकूर संपला तिथे आडवी रेघ, आणि तोच वळसा जरा मोठा.

"बाबूजी, ये क्या निशान है?" त्या बाबूंनी विचारलं. "हर पन्ने पर है. सब परचों में है. परीक्षक ने लिखा है कि उम्मीदवार ने इशारा किया है, पहचान के लिए."

बाबांना प्रश्नच कळला नव्हता. "निशान नहीं है," ते म्हणाले. "मेरी सही है. मोडी में."

दरबारच्या कचेरीत सही केल्याशिवाय पान हातातून सोडायचं नाही, हे आजोबांनी त्यांना शिकवलं होतं. लिहिणाऱ्यानं प्रत्येक पानाखाली आपली आद्याक्षरं मोडीत घालायची आणि मजकूर संपला की रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणी ओळ घुसवू शकणार नाही, आणि चूक निघाली तर कुणाला धरायचं हे कळेल. तीस वर्षांत त्यांनी एक पान बिनसहीचं सोडलं नव्हतं. ते त्या बाबूंना हे समजावून सांगत होते, अगदी शांतपणे, शिकवावं तसं. "सही नहीं करता तो बेईमानी होती," ते म्हणाले.

त्या बाबूंनी चष्मा काढला. त्यांना सगळं कळलं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. पण कायदा कायदा. वर्षभर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि यादी तोवर पक्की होणार होती. "साहब, ये तो पाँचवीं का बच्चा भी जानता है," ते हळूच म्हणाले. "उत्तर की कॉपी में कहीं नाम नहीं, दस्तखत नहीं, कुछ नहीं. पहले पन्ने पर छपा भी रहता है. आप तो कभी इस्कूल गए नहीं, मान लिया. लेकिन घर में किसी ने नहीं बताया?"

मी बाबांच्या शेजारी उभी होते. पंचवीस अलंकार शिकवले होते मी. दोन ओळींत लिहायला शिकवलं, ओरडून शिकवलं. आणि हे? हे कुणी कुणाला शिकवायचं असतं? मला ते इतकं माहीत होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नव्हतं. जो माणूस जन्मात परीक्षेला बसला नाही त्याला हे कुठून माहीत असणार, हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बताया था," ते म्हणाले. "मेरी बेटी ने बताया था. कई बार. मैं ही भूल गया."

बाबा खोटं बोलले होते. सरकारी कचेरीत, सरकारी माणसासमोर, डोळ्यांत डोळे घालून.

घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा त्यांनी तेच सांगितलं. कचेरीतल्या साहेबांना तेच सांगितलं. पानवाल्यालाही तेच. यादी लागली, त्यांना घरी पाठवलं, आणि मग मुरारच्या एका ठेकेदाराकडे ते इंग्रजी पत्रं लिहायला जाऊ लागले. पगार निम्मासुद्धा नव्हता. आईचा त्यांच्यावरचा राग कधी उतरला नाही. घरात काही कमी पडलं की ती म्हणायची, "पोरीनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं असतंत तर?" आणि बाबा म्हणायचे, "चुकलं खरं."

मी तिथेच असायची. ताटं घेत असायची, नाही तर वही तपासत असायची, कारण पुढे मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. रोज वाटायचं की आज सांगावं. बाबा माझ्याकडे असे बघायचे की सांगवत नसे, आणि खरं बोलायचं तर मला ते बरंच वाटायचं. बाबा गेले तेव्हा दहाव्याला जमलेल्या नातेवाइकांनाही आईनं तीच गोष्ट सांगितली की मुलगी सांगत होती, ह्यांनी ऐकलं नाही. मी शेजारी बसून ऐकलं. आता आईही नाही.

मी त्यांना सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.